मुठीवर चार बोटं

पन्नाशी उलटली तरी त्याला सगळे धाकटाच म्हणत. थोरला जाऊन बारा वर्षं झाली होती, घरात त्याच्याहून मोठं पुरुषमाणूस आता उरलं नव्हतं, पण एकदा चिकटलेलं नाव काही केसांबरोबर पिकत नाही. दुकानाच्या पाटीवरही तेच होतं: ‘धाकटे. लाकडी धनुष्यं करून मिळतील.’ पाटी थोरल्याने रंगवलेली. शेवटची अक्षरं दाटीवाटीने उभी होती, कारण जागा संपत आल्याचं त्याला फार उशिरा कळलं होतं. ती पाटी बदलायचं धाकट्याच्या कधी मनात आलं नाही.

कारखाना म्हणजे घरामागची लांबट पत्र्याची खोली. वर आढ्याला तुतीच्या काठ्या जुड्यांनी टांगलेल्या. अंगठ्याहून जाड, मनगटाहून बारीक, सालीसकट. ओढ्यापलीकडच्या उतारावर तुतीची झाडं होती. बुंधा कापला की त्यातून सरळसोट नवे फोक फुटत, आणि दर हिवाळ्यात धाकटा त्यांतले निवडक कापून आणी. चिरू नयेत म्हणून टोकांना रंग फासायचा, कापल्याची तारीख चिठ्ठीवर लिहून बांधायची आणि पुढची दोन वर्षं त्या काठीकडे ढुंकूनही बघायचं नाही. घाई करायची असेल त्याने दुसरा धंदा बघावा, असं त्यांचे वडील म्हणत.

वडिलांचे आणखी दोन नियम होते. पहिला लाकडाचा. धनुष्याचं पोट, म्हणजे खेचणाऱ्याकडची बाजू, हवी तेवढी तासा. पण पाठीला हात लावायचा नाही. साल काढली की तिच्याखालचा लाकडाचा पहिला थर या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड राहिला पाहिजे. त्याला नखाएवढी खाच पडली तर काठी शेगडीत घालायची, कितीही मेहनत झालेली असो. दुसरा नियम माणसाचा. नवं धनुष्य पहिल्यांदा पूर्ण खेचायचं ते बनवणाऱ्यानेच. मोडायचंच असेल तर त्याच्या हातात मोडू दे. पहिली खेच घेतल्याशिवाय धनुष्य दुसऱ्याच्या हाती द्यायचं नाही.

पुतणीने धनुष्य मागितलं ते ऐन जेवणाच्या वेळी, आईसमोर, म्हणजे काकाला पळवाट राहू नये म्हणून. पुढच्या सोमवारपासून ती मैदानावर तिरंदाजी शिकवायला जाणार होती. एकोणीस वर्षांची पोर, आणि तिच्या हाताखाली वीस जण.

“काका, धनुष्यवाल्यांच्या घरातली मी आणि फायबरचं धनुष्य घेऊन उभी राहू? लोक तोंडावर हसतील.”

“पुढच्या हिवाळ्यात करू,” धाकटा म्हणाला.

“गेली पाच वर्षं तुझा पुढचा हिवाळाच चाललाय.”

वहिनी ताटात बघत होत्या. “करून द्या, भावजी,” त्या एवढंच म्हणाल्या. त्यांनी सांगितलेलं धाकट्याने आजवर मोडलं नव्हतं. त्याने मान डोलावली आणि अर्धं ताट तसंच ठेवून उठला.

सोमवारी सकाळी त्याने पुतणीचं माप घेतलं. छातीच्या मध्यापासून पसरलेल्या हाताच्या टोकापर्यंत. मग जुडीतली सगळ्यात सरळ काठी काढली, मूठ कुठे येईल तिथे सालीवर पेन्सिलीने खूण केली आणि साल सोलायला घेतली. सुरीची धार त्याने मुद्दाम बोथट ठेवली होती. साल लांब पट्ट्यांनी निघत गेली. खालचं लाकूड पिवळसर, गुळगुळीत. त्याने सवयीने डोळे मिटून पाठीवरून अंगठा फिरवला, कारण डोळे फसतात, अंगठा फसत नाही.

मुठीच्या वर चार बोटांवर अंगठा अडखळला.

खाच होती. तिरपी, उजवीकडे उतरणारी. एक ठळक रेघ आणि तिला लागून केसाएवढी दुसरी.

धाकटा बराच वेळ ती काठी हातात धरून बसला. मग उठला आणि काठी शेगडीत घातली. आपलाच हात चुकला असेल, असं त्याने मनाशी म्हटलं. पण हात चुकला नव्हता हे त्याला पक्कं ठाऊक होतं. आणि तसली दुपदरी रेघ उठवणारी सुरी एकच होती, हेही त्याला ठाऊक होतं. तिच्या पात्याचा टवका उडालेला होता. बारा वर्षांपूर्वी त्याने ती स्वतःच्या हाताने ओढ्याच्या डोहात फेकली होती.

आता हे सांगूनच टाकायला हवं. थोरला महिनाभर नव्या धनुष्यासाठी मागे लागला होता. “धाकट्या, तुझं धनुष्य होईपर्यंत मी काठी टेकत चालायला लागेन,” असं येताजाता चिडवायचा. धाकटा रागाने कामाला लागला, आणि रागात सुरी एका गाठीवरून उसळली. पाठीच्या थराला खाच पडली, मुठीच्या वर चार बोटांवर. काठी शेगडीत जायला हवी होती. पण दोन वर्षं सुकलेली तेवढी लांब काठी दुसरी नव्हती, आणि थोरल्याचं पुन्हा ऐकून घ्यायची तयारी नव्हती. त्याने खाचेवर चामड्याची पट्टी गुंडाळली, रंगीत दोरा घातला, शोभेची आहे म्हणाला. स्वतः खेचायची मात्र त्याची छाती झाली नाही. “पहिली खेच घेतलीस का रे?” थोरल्याने विचारलं. “घेतली,” धाकटा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी परसात थोरल्याने दोरी कानापर्यंत आणली आणि धनुष्य पट्टीखाली मोडलं. वरचा तुकडा कानशिलावर बसला. तो दोन दिवस इस्पितळात होता, तिसऱ्या दिवशी गेला. लाकूडच दगाबाज निघालं, असं सगळे म्हणाले. कोणी बघायच्या आत धाकट्याने तुकडे जाळून टाकले होते. त्यानंतर त्याने लोकांना शेकडो धनुष्यं करून दिली, एकही मोडलं नाही. घरातल्या माणसासाठी मात्र एकही केलं नाही.

मंगळवारी त्याने दुसरी काठी काढली. दुसऱ्या बुंध्याची, दुसऱ्या वर्षीची. खाच तिथेच. तिसऱ्या काठीवर त्याने मुठीची खूण मुद्दाम वीतभर खाली केली. जुन्या जागी लाकूड स्वच्छ निघालं आणि त्याने सुस्कारा टाकला. मग अंगठा खाली सरकला. नव्या खुणेच्या वर बरोबर चार बोटांवर ती तिरपी रेघ होती.

“काका, आज शेगडी सारखी पेटलेली दिसतेय?” पुतणीने दारातून विचारलं.

“थंडी वाजतेय.”

“एवढ्या उन्हात? बरा आहेस ना?” ती आत आली आणि तिने त्याच्या कपाळाला हात लावून बघितलं. थोरलाही असाच बघायचा, तळव्याने नाही, बोटांच्या मागच्या बाजूने. धाकटा मागे सरकला.

बुधवारी त्याने लोखंड हातातच घेतलं नाही. साल भिजवून मऊ केली आणि लाकडी पाचरीने, नखांनी, बोटं सोलवटेपर्यंत काढली. या वेळी खूणही केली नाही. कुठेच मूठ नाही म्हटल्यावर चार बोटं मोजणार कुठून, असा त्याचा हिशेब. काठी पूर्ण उघडी झाली. त्याने ती खिडकीशी नेली, डोळ्यांत तेल घालून पाहिली, अंगठा तीनदा फिरवला. अखंड. आरशासारखी स्वच्छ. त्याला इतकं हायसं वाटलं, की एकटाच असून तो मोठ्याने हसला.

मग त्याने माप लावलं, मूठ कुठे येते ते पाहिलं आणि तिथे हलकेच पेन्सिल टेकवली.

पेन्सिल उचलायच्या आत त्याला कळलं. बघायची गरज नव्हती, तरी त्याने बघितलं. एक ठळक, एक केसाएवढी.

त्यानंतर कारखान्यात बसणं त्याला शक्य होईना. गुरुवारी तो उतारावर नुसता भटकला. उभ्या फोकांच्या सालीवर हात ठेवायचा, मध्येच झटक्यात काढून घ्यायचा. शुक्रवारी बाजाराच्या रस्त्याने टोकापर्यंत गेला, काय आणायचं ते आठवेना म्हणून परत आला, पुन्हा गेला. एका जागी त्याचं बूड टेकत नव्हतं. पुतणीला नाही कसं म्हणायचं? नाही म्हटलं तर का, ते सांगावं लागणार. हो म्हणून तिच्या हातात काय द्यायचं? बाहेरून विकत आणलेलं धनुष्य स्वतःचं म्हणून द्यावं, असाही विचार येऊन गेला. पण त्यावर ती पेन्सिल टेकवून बघायची त्याची हिंमत नव्हती. पोरीच्या कानशिलावर एक निळी शीर होती, बापासारखीच. ती त्याला राहून राहून दिसत होती.

“भावजी, चार दिवस झाले, तुम्ही धड जेवत नाही की बसत नाही,” वहिनी म्हणाल्या. “काय झालंय?”

“काठ्या चांगल्या निघत नाहीयेत.”

“एवढंच?”

“एवढंच.”

वहिनींनी भाजीवर झाकण ठेवलं. “तुमचं तोंड तर काही वेगळंच सांगतंय,” त्या म्हणाल्या.

शनिवारी दुपारी तो उतारावरून परतला तेव्हा कारखान्यातून कानशीचा आवाज येत होता. आधी त्याला वाटलं भास. मग तो धावला.

पुतणी खेचफळीसमोर उभी होती. खेचफळी म्हणजे भिंतीवरची खुंटी. तिच्यावर धनुष्याची मूठ टेकवायची, दोरी खाली कप्पीतून ओढायची आणि दोन्ही बाजू सारख्या वाकतात का ते लांबून बघायचं. मागच्या भिंतीवर खडूच्या आडव्या रेघा होत्या. त्यांतल्या दोन पेन्सिलीने ठळक केलेल्या: एक धाकट्याच्या पूर्ण खेचेची आणि तिच्याखाली दोन बोटांवर थोरल्याची, कारण त्याचे हात लांब होते. खुंटीवर धनुष्य होतं. नवं, पिवळसर, देखणं. दोन्ही बाजू अशा सारख्या वाकत होत्या, की धाकट्यालाही वाटावं आपण केलंय.

“तुझ्या भरवशावर राहिले असते तर सोमवारी रिकाम्या हाताने गेले असते,” ती घाम पुसत म्हणाली. “तू दोन दिवस गायब. मग घेतली एक काठी. लहानपणापासून बघतेय, येणार नाही का?”

“किती खेचलंस?” धाकट्याने विचारलं.

“फळीवर अर्ध्यापर्यंत. पूर्ण नाही. पूर्ण आता परसात घेणार.” तिने धनुष्य खुंटीवरून काढलं. “बनवणाऱ्याने घ्यायची ना पहिली खेच? बनवलं मी. म्हणजे माझीच.”

“नाही. मी घेतो.”

“अरे वा! नियम तुमचाच ना?” ती हसत परसात गेली. तिकडे कुंपणाशी गवताच्या पेंढ्यांचा लक्ष्यफलक उभा होता. धाकटा तिच्या मागे गेला. पायातली चप्पल कुठे सुटली ते त्याला कळलं नाही. तिने पाय रोवले, धनुष्य उचललं आणि दोरीला बोटं लावली.

“थांब!”

तो असा ओरडला की वहिनी स्वयंपाकघरातून धावत आल्या.

“तुझ्या बाबांच्या धनुष्याची पहिली खेच मी घेतली नव्हती,” धाकटा म्हणाला. शब्द दगडासारखे एकेक पडले. “घेतली म्हणालो. खोटं बोललो. त्याला मी न तपासलेलं धनुष्य दिलं.”

पुतणीने हात खाली घेतला.

“मला माहीत आहे,” वहिनी म्हणाल्या.

धाकट्याने वर पाहिलं.

“त्यांनी त्या दिवशी सकाळी धनुष्य माझ्यासमोर धरलं. म्हणाले, बघ, किती सरळ आहे. एकदा तरी पूर्ण खेचलेलं असतं तर किंचित बाक राहिला असता. धाकटा विसरलाय पहिली खेच. आता मीच घेतो, त्याला सांगू नकोस, हिरमुसेल.” वहिनींनी पदराने हात पुसले, जरी ते ओले नव्हते. “तुम्ही आधीच अर्धे झाला होतात, भावजी. तुम्हाला कशाला सांगायचं?”

धाकट्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. बारा वर्षांत आलं नव्हतं तेवढं. पुतणीने धनुष्य बगलेत धरून त्याचा खांदा दाबला, बराच वेळ.

“दे इकडे,” तो शेवटी म्हणाला. “खेचत नाही. नुसतं बघतो.”

त्याने दोरी उतरवली, डोळे मिटले, पाठीवरून अंगठा फिरवला. मुठीच्या वर एक बोट, दोन, तीन, चार. स्वच्छ. पाच, सहा. पार टोकापर्यंत स्वच्छ. मग त्याने धनुष्य डोळ्यासमोर आडवं धरून एका टोकाकडून पाहिलं.

धनुष्याला बाक होता.

फळीवरच्या अर्ध्या खेचेने येणारा नव्हे. पूर्ण खेचेचा, आणि तोही पोरीच्या मापाचा नव्हे. कोणीतरी हे धनुष्य थेट कानापर्यंत आणलं होतं, लांब हातांनी, आणि हलकेच परत सोडलं होतं. लाकूड किती खेचलं गेलंय हे धाकट्याला डोळ्यांनी मोजता येई. त्याच्या स्वतःच्या खेचेहून हा बाक दोन बोटांचा जास्त होता.

“तू सोडून कोणी हात लावला याला?”

“कोण लावणार? सकाळपासून मीच आहे आत. का?”

“काही नाही,” धाकटा म्हणाला.

भीती वाटायला हवी होती, पण त्याला वाटली ती माया. पहिली खेच घेतली गेली होती. पोरीला काही होणार नव्हतं. त्याने दोरी चढवली आणि धनुष्य तिच्या हातात दिलं.

आता उरलेलं सांगायचं होतं. खाचेचं. चामड्याच्या पट्टीचं. जाळलेल्या तुकड्यांचं. वहिनींना तेवढं माहीत नव्हतं. थोरल्यालाही माहीत नव्हतं, म्हणून तर तो हसत हसत दोरी खेचायला गेला. धाकट्याने तोंड उघडलं. वहिनी त्याच्याकडे बघत होत्या, बारा वर्षांत बघितलं नव्हतं तसं, सगळं मिटल्यासारखं.

आता कशाला, त्याला वाटलं. सगळं नीट झालंय.

त्याने तोंड मिटलं.

पुतणीने धनुष्य खेचलं. पूर्ण. एवढीशीही कुरकुर झाली नाही. बाण फलकाच्या मधोमध गेला. तिने दुसरा सोडला, तिसरा सोडला. “काका, हे तर लोण्यासारखं खेचलं जातंय!” वहिनी चक्क हसल्या.

“आता तू,” पुतणी म्हणाली.

“मी कशाला?”

“तुझी खेच राहिलीये ना. बाबांची राहिलेली, ती आज घे. बास, फिटलं.”

तिने धनुष्य त्याच्या डाव्या हातात दिलं आणि शर्टाची बाही वर सारायला सांगितली. दोरी सुटताना हाताला फटका बसतो, म्हणून तिथे चामड्याची पट्टी बांधतात. धाकट्याने मूठ आवळली. उजव्या हाताने बाही वर सारली. सारता सारता अंगठा कातडीवरून फिरला, सवयीने.

मुठीच्या वर चार बोटांवर तो अडखळला.

रक्त नव्हतं. कातडी फाटली नव्हती. खाच कातडीच्या खाली होती, हाडात असावी तशी. तिरपी. एक ठळक रेघ आणि तिला लागून केसाएवढी दुसरी.

“काय झालं?” पुतणीने विचारलं.

“काही नाही,” धाकटा म्हणाला.

“मग हात सरळ धर.” तिने चामड्याची पट्टी बरोबर त्याच जागेवर ठेवली, नीट गुंडाळली आणि वरून रंगीत दोरा आवळून घट्ट गाठ मारली.